पट्टा सुतात आहे का?

मोटरसायकलवर मी लिहितेय म्हटल्यावर घरच्यांना हसू येणार, माहीत आहे. आयुष्यभर स्कूटी चालवली, तीही साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत. पण गेल्या महिन्यात भाच्याच्या गाडीवरून घरात जे झालं, त्याच्या चार निरनिराळ्या आवृत्त्या मला चार नातेवाइकांकडून ऐकायला मिळाल्या. (एकीत तर पट्टा तुटून तो पडलाही होता!) म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. शिवाय इथे येणाऱ्या ब्लॉगर मंडळींपैकी दोघातिघांना गाड्यांचा नाद आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आधी पट्टा म्हणजे काय ते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना इंजिनाकडून मागच्या चाकाकडे चेन जाते. ती तेल मागते, चिखल खाते, सैल होते आणि पँटच्या पायावर काळा डाग देते. काही गाड्यांना चेनच्या जागी दातेरी पट्टा असतो. दिसायला रबरासारखा, पण आत न ताणणारे चिवट धागे, आणि आतल्या अंगाला दात, जे पुलीच्या खाचांत बसतात. तेल नको, खडखडाट नाही, हजारो किलोमीटर फारसं बघावं लागत नाही. तसा पट्टा काही नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी मोटरसायकली चामड्याच्या पट्ट्यावरच चालत, मग चेन आली. हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली एका मॉडेलला दातेरी पट्टा बसवला आणि पुढे ती त्यांच्या गाड्यांची ओळखच झाली. आता काही इलेक्ट्रिक स्कूटरनाही मागे पट्टा असतो.

पट्ट्यात एकच खोड. त्याला वाकडेपणा सहन होत नाही. चेन म्हणजे सगळे सांधेच सांधे. जराशी तिरकी धावली तरी कुरकुरत का होईना चालते. पट्टा तसा नाही. चाक किंचित तिरकं बसलं की तो सरकत सरकत पुलीच्या कडेला जाऊन टेकतो आणि घासायला लागतो. घासून घासून कडेचे धागे सुटतात. आणि तुटायचा झाला तर चेनसारखा रस्त्याच्या कडेला बसून जोडता येत नाही. मागचं चाक आणि आणखी बरंच काही खोलल्याशिवाय नवा घालता येत नाही. म्हणजे जिथे तुटला तिथेच मुक्काम.

आता आमच्या घरातली गोष्ट. भाचा, म्हणजे थोरल्या ताईचा मुलगा, साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आठवडाभर माझ्याकडे राहतो आणि शनिवारी दुपारी पलूसला, आईकडे आणि आजोबांकडे जातो. हायवेने कराड, मग शेणोली-ताकारीच्या अंगाने पलूस. हंगामात हा सगळा पट्टा (हा दुसरा पट्टा!) उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. भाऊजी २००९ साली अशाच एका ट्रॉलीवर धडकून गेले. तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्यामुळे ताईच्या घरात मोटरसायकल हा विषय कसा आहे हे नातेवाइकांना सांगायला नको. त्याने स्वतःच्या पैशांनी ही जुनी, दणकट, पट्ट्याची गाडी घेतली तेव्हा ताई दोन महिने त्याच्याशी नीट बोलली नव्हती. मग दोन अटींवर तह झाला. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, आणि गाडीत काही खुट्ट झालं तर लपवायचं नाही.

दिवाळीनंतर त्याने मागचा टायर बदलून आणला आणि खुट्ट झालं. खुट्ट नव्हे, चिवचिव. गाडी हळू असली की मागून चिमण्या ओरडल्यासारखा आवाज. वेग घेतला की ऐकू येत नसे. तो अटीप्रमाणे आईला म्हणाला, "आवाज येतोय." ताईने त्याच क्षणी सांगितलं, "विकून टाक."

त्याने दोन गॅरेजं केली. नावं लिहीत नाही. दोन्ही माणसं चांगली आहेत, आणि चेनच्या गाड्या त्यांच्याकडे रोज वीस येतात. एकाने पट्ट्यावर चेनचा स्प्रे मारला. आवाज दोन दिवस गेला आणि मग धूळ धरून परत आला. (पट्ट्याला तेल, ग्रीस, स्प्रे काही लावायचं नसतं. लागलंच तर कोमट पाणी आणि साबण.) दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या खुणा बघितल्या, म्हणाला खुणा जुळतायत, म्हणजे चाक सरळ आहे, म्हणजे पट्टाच गेला. नवा बाहेरून मागवावा लागेल. रक्कम पाच आकडी.

इथे आप्पा मध्ये आले. आमचे वडील. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झालेला, समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना मधोमध पुसल्यासारखा दिसतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. पण कान शाबूत. चाळीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली, आधी ऑइल इंजिनावर, मग मोटरवर. ज्या मंडळींनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: भिंतीपलीकडे इंजिन, मधे भोक, त्यातून येणारा वीतभर रुंद कॅनव्हासचा पट्टा, आणि अलीकडे जातं. पट्टा फट्-फट्-फट् वाजायचा, तो त्याच्या सांध्याचा आवाज. जात्याला शेजारी शेजारी दोन पुल्या, एक कामाची आणि एक नुसती फिरणारी. दळण संपलं की लाकडी दांडक्याने चालता पट्टा रिकाम्या पुलीवर ढकलायचा. १९७८ साली दांडकं निसटलं आणि आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर आम्हा मुलींना गिरणीच्या त्या भिंतीजवळ फिरकू दिलं नाही. पण ऐकू तर यायचंच. पट्ट्याचा आवाज बदलला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पट्टा सरकला वाटतं."

तर आप्पांनी फोन मागून घेतला आणि नातवाला तीन प्रश्न विचारले. आवाज गार असताना येतो का तापल्यावर? चाकाच्या एका फेऱ्याला एकदा येतो का सारखा? आणि पट्ट्याची कुठली कड काळी झालीय? भाचा खाली जाऊन बॅटरी मारून बघून आला. आवाज सारखा येत होता, आणि पट्ट्याची आतली, चाकाकडची कड काळी होती. पुलीच्या त्याच बाजूला काळी भुकटी साठली होती.

"पट्टा न्हाई गेला," आप्पा म्हणाले. "चाक तिरकं हाय. गाडी हिकडं घिऊन ये. चालवत न्हाई, घालून आण."

ताईने छोटा हत्तीचं भाडं दिलं. विकून टाक म्हणणाऱ्या ताईने. मी पुढे बसून गेले.

थोडं विषयांतर करते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना हे पट्ट्याचं ज्ञान कुठून आलं, याचा मी बरेचदा विचार करते. पलूसपासून किर्लोस्करवाडी अगदी जवळ. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली कुंडलजवळच्या माळावर आले, कारण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, कुंडल सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. (सांगली जिल्हा १९४९ साली झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० सालचं. आमच्या आजोबांच्या कागदपत्रांवर अजून द. सातारा आहे.) तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना. नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्या काळच्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. छताखाली एक लांब दांडा फिरत असे, आणि त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला एकेक पट्टा. आमचे आजोबा काही वर्षं वाडीच्या कारखान्यात होते, तिथून ते 'सूत धरणं' घेऊन आले. आप्पा त्यांच्याकडून शिकले. असो.

पलूसच्या अंगणात गाडी मागच्या स्टँडवर चढवली, चाक अधांतरी. आप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "किल्ली हिकडं दे."

"आजोबा, इंजिन बंदच आहे."

"दे म्हणतो न्हवं?"

किल्ली त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. चाक फक्त हाताने फिरवायचं, आणि फिरवताना दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, असा हुकूम. हाताने फिरवलेल्या चाकातही पट्टा आणि पुली यांच्या मधे बोट गेलं तर सुटत नाही. भाचा एरवी असल्या सूचनांना डोळे फिरवतो. समोर तीन बोटांचा हात होता, म्हणून गप्प राहिला.

खुणांचं प्रकरण असं आहे. मागचं चाक ज्या दोन हातांच्या मधे बसतं त्याला मेकॅनिक लोक चिमटा म्हणतात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना रेघा असतात. ॲक्सल दोन्हीकडे सारख्याच रेघेवर आला की चाक सरळ, असं समजायचं. भाच्याने दाखवलं, रेघा जुळत होत्या.

"खुणा कुनी पाडल्या?" आप्पांनी विचारलं. "चिमटा करणाऱ्यानं. चाक सरळ हाय का न्हाई, ते त्या रेघंला काय ठावं?"

भाच्याला हे लगेच पटलं, कारण त्याचं रोजचं काम तेच. रेघेची जाडीच मिलिमीटरभर असते, त्यात ॲक्सल आपल्या भोकात किंचित हलतो. मोजायचं तर न हलणाऱ्या जागेपासून मोजायला हवं. ती जागा म्हणजे चिमटा पुढच्या बाजूला ज्या बोल्टवर झुलतो, त्याचा मध्य. तिथून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं असलं पाहिजे. बस्स, सगळा खेळ एवढाच आहे.

पण टेप लावून ते मोजता येत नाही, मधे दुसरे भाग आडवे येतात. मग शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगची एक कांडी आणली. वरचं आवरण ठोकून काढलं, टोक काटकोनात वळवून कानशीने टोकदार केलं. कांडीवर एक घट्ट रबरी वायसर सरकवला. टोक पुढच्या बोल्टच्या मध्यावर टेकवायचं, वायसर सरकवत ॲक्सलच्या मध्यावर आणायचा आणि कांडी तशीच उचलून दुसऱ्या बाजूला न्यायची. तिकडे वायसर मध्यावर आला तर ठीक. आमचा आला नाही. भाच्याने खिशातून व्हर्नियर काढला (हा मुलगा व्हर्नियर खिशात घेऊन हिंडतो). फरक अडीच मिलिमीटर. खुणा जुळत असताना!

चाक टायरसाठी काढून परत बसवताना ते तिरकं राहिलं असणार. आणि नंतर पट्टा ताणायला दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फेरे फिरवले असणार. दोन्हीकडे सारखे फेरे दिले की चाक मागे जातं हे खरं, पण तिरकं असेल तर तिरकंच मागे जातं.

आप्पांचं समाधान एवढ्यावर झालं नाही. त्यांनी पुलीला हात लावू दे म्हणून सांगितलं. भाच्याने चाक धरून ठेवलं आणि आप्पांनी, जिथे पट्टा नव्हता तिथे, पुलीच्या दातांवरून आडवा अंगठा फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुन्हा एकदा. मग चेहरा असा झाला की कुणीतरी त्यांना फसवलंय.

"ह्येला पोटच न्हाई की रं."

हे मला ठाऊक होतं, भाच्याला नव्हतं. गिरणीची पुली वरून सपाट दिसते, पण मधे किंचित फुगीर असते. ते पोट. सपाट पट्टा त्या पुलीवर चालला की आपोआप मधोमध येतो. का, तर पट्टा एका बाजूला सरकला की त्याची मधली कड उंचवट्यावर चढून जास्त ताणली जाते, पट्टा तिकडे जरासा वाकतो, आणि त्याचा पुढचा भाग पुलीवर येतो तो उंचवट्याच्या आणखी जवळ. असं करत करत तो माथ्यावर येऊन थांबतो. ऐकायला उलटं वाटतं, घसरून खाली जायला हवा असं वाटतं, पण तो चढतोच. म्हणून गिरणीत इंजिनाचा पाया जरासा खचला तरी पट्टा निभावून न्यायचा.

दातेरी पट्ट्याच्या पुलीला पोट देता येत नाही, दात सगळीकडे सारखे बसायला हवेत. तिथे पट्टा मधे राहतो तो चाक सरळ असल्यामुळे, आणि सटकू नये म्हणून कडेला भिंत असते. भिंत अडवायला आहे, रोज टेकायला नाही.

"मंजे हित माफी न्हाई," आप्पा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

त्यानंतर तीन तास. ॲक्सलचा नट सैल केला. पट्ट्याच्या बाजूचा बोल्ट तसाच ठेवून पलीकडचा पाव-पाव फेरा फिरवत गेलो, दर वेळी चाक पुढे ढकलून बसवायचं आणि कांडी लावायची. जुळलं. नट आवळला, परत कांडी लावली, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक! आवळताना ॲक्सल सरकतो. पुन्हा सैल, पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या वेळेला आवळूनही वायसर मध्यावर राहिला. मग ताण. चाक हळूहळू फिरवून पट्टा सगळ्यांत घट्ट कुठे लागतो ती जागा शोधली आणि गाडी गार असताना तिथेच मोजलं. हुकाच्या वजनकाट्याने पट्टा मधोमध साडेचार किलोने ओढायचा आणि किती हलतो ते बघायचं. किती हलावा हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. पट्टा जास्त ताणला तर आतली बेअरिंग जातात, सैल ठेवला तर दात उड्या मारतात.

शेवटी आप्पांची दोरी. मागच्या टायरला पाठीमागून वेढा, दोन्ही टोकं चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून धरलेली, एक टोक माझ्या हातात, एक ताईच्या. पुढचा टायर अरुंद, त्यामुळे दोरी आणि टायर यांच्या मधे दोन्हीकडे फट राहते, ती सारखी हवी. आप्पा वाकून बसले आणि फटीत बोट घालून एकदा इकडे, एकदा तिकडे मोजलं. डोळ्यांनी त्यांना दोरी दिसतच नव्हती. "सुतात हाय," म्हणाले. भाच्याने व्हर्नियर पुढे केला, मग काही न बोलता परत खिशात ठेवला.

चाक हाताने वीसेक फेरे फिरवलं. पट्टा भिंतीला न दाबता चालत होता. चिवचिव नाही. आप्पांनी कान जवळ नेऊन ऐकलं आणि ताईला म्हणाले, "चा टाक."

उरला प्रश्न पट्ट्याचा. खडूने खूण करून एकेक दात तपासला. तुटलेला किंवा मुळाशी भेगाळलेला दात नाही, कडेला दगड घुसून पडलेलं भोक नाही. (यातलं काहीही असलं तर पट्टा बदलायचा, चर्चा नाही.) घासलेल्या कडेचे धागे मात्र बोटभर लांबीत सुटून लव आल्यासारखे दिसत होते. भाच्याने पुस्तकात बघितलं. नुसती लव आली असेल तर गाडी चालवता येते, लक्ष ठेवायचं. आप्पांचंही तेच मत, गिरणीत असा पट्टा वर्षभर चालला असता. मलाही पटलं.

ताईने ते सगळं ऐकून घेतलं. पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "गिरणीतला पट्टा तुटला तर दळण थांबतं. हा तुटला तर हा अंधारात रस्त्यावर उभा राहतो आणि मागून ट्रॉली येते. नवा मागवा. निम्मे पैसे मी देते."

यावर आप्पाही काही बोलले नाहीत.

पट्टा यायला तीन आठवडे लागले. तेवढे शनिवार भाचा रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरला आणि ताई स्कूटीवरून त्याला आणायला गेली. गेल्या रविवारी नवा बसवला. तीनशे किलोमीटरनंतर परत मोजायचं ठरलंय. कांडी पलूसला दाराच्या मागे खिळ्याला लावलेली आहे, वायसर आहे तिथे ठेवून. तो कुणी हलवू नये म्हणून आप्पांनी त्यावर सुतळी बांधली आहे. नातेवाइकांपैकी कुणी गेलात तर कृपा करून हात लावू नका.

आणि नाही, तो पडलेला नाही.